नीलाक्कांची तालीम

एसटीत कंडक्टर होऊन मला सतरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत प्रवाशांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, भांडणं तेवढी राहतात. नीलाक्का मला भेटल्या त्या भांडणातूनच.

उमरग्याहून तुळजापूरला जाणारी सकाळची गाडी जळकोटला गच्च भरायची. त्या दिवशी एक पंचावन्न-छप्पन्नच्या बाई चढल्या. केस पुरुषासारखे बारीक कापलेले, अंगात ढगळ सदरा-विजार, कपाळावर विभूतीची रेघ. गाडीच्या मधोमध, दोन्ही हात पाठीमागं बांधून त्या उभ्या राहिल्या. दांडा धरा, असं मी म्हटलं. मी पडणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. पडणारे सगळे पडायच्या आधी हेच सांगतात, असं मीही सुनावलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही तरी कुठं काय धरलंय?"

माझ्या एका हातात तिकिटाचं मशीन होतं, दुसऱ्यात पैसे. पुढची दोन बाकडी हसली. मी रागानं पुढं सरकले, तर त्या माझ्या पायांकडं बघत म्हणाल्या, "नळदुर्गच्या अलीकडं जे वळण आहे ना, ते यायच्या आधीच तुमचा डावा गुडघा वाकतो. दोन दिवस बघतेय. तुम्हाला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. पुढं चार दिवस मी स्वतःच्या गुडघ्याकडं बघत तिकिटं दिली आणि लोहाऱ्याला जाणाऱ्या एका म्हाताऱ्याला भलत्याच गावाचं तिकीट फाडून दिलं. पण त्या म्हणाल्या ते खरं होतं. वळण डोळ्यांना दिसायच्या आधीच गुडघ्याला समजत होतं. इतकी वर्षं हे अंग मी इकडून तिकडं नेत होते, आणि त्याच्यात अशी अक्कल आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांचं नाव नीलांबिका. जळकोटच्या जुन्या बारदान्याच्या दुकानदाराची मुलगी. घरात कानडी, दुकानात मराठी, अशी वाढलेली. विसाव्या वर्षी शिकायला पुण्याला गेल्या आणि तिथं नाचाच्या नादी लागल्या. पुढं बंगळूरला राहिल्या, परदेशातही नाचून आल्या. लग्न झालं होतं. नवऱ्याचं म्हणणं असं होतं की नाच करायला माझी ना नाही, फक्त घरातलं सगळं आटोपून करावा. अक्का सांगायच्या, "मी सहा वर्षं आटपत होते. ते काही संपेना. मग न आटपताच निघाले." एवढंच. त्या माणसाबद्दल वाईट शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

गावात लोक विचारायचे, तुम्ही करता काय? नाच बसवते, असं त्या सांगायच्या. मग लावणी का? न्हाय. मग भरतनाट्यम? न्हाय. मग सिनेमातला? तेही न्हाय. मग कसला? तेव्हा त्या समोरच्या माणसाकडं नीट बघून सांगायच्या, "बाई दिवसभर जे करती आणि जे तिला करू देत न्हाईत, त्या दोन्हीचा."

विचारणारा मान हलवून निघून जायचा.

त्या गावी परतल्या त्या वडलांसाठी. मुलगी नाचणार म्हटल्यावर वडलांनी तिच्याशी बोलणं सोडलं होतं. तीस वर्षं सोडलं. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचाच गेली. भाऊ महादेवअण्णा दुकान बघत, वहिनी तर त्याआधीच वारलेली. तीन महिन्यांसाठी म्हणून अक्का आल्या आणि दीड वर्ष वडलांचं सगळं करत राहिल्या. त्या मला एकदा म्हणाल्या होत्या की बोलायचं नव्हतं तेव्हा त्यांना वाचा होती, आणि बोलावंसं वाटलं तेव्हा ती राहिली नव्हती. वडील गेल्यावर त्या परत बंगळूरला जातील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी भावाकडं बारदान्याच्या गोदामाचा मागचा अर्धा भाग मागितला. नवा हंगाम येईपर्यंत वापर, असं अण्णा म्हणाले. तसे तीन हंगाम येऊन गेले.

पुढच्या अर्ध्यात पोत्यांच्या थप्प्या, मागच्या अर्ध्यात दर रविवारी आम्ही. ज्यूटचा वास नाकात बसायचा आणि सोमवारी ड्यूटीवर मला शिंका यायच्या. पहिल्या रविवारी चौघीच होतो. मी, पार्लरवाली सुनीता, शेतात रोजानं जाणाऱ्या साठीच्या काशीबाई, आणि पाटलांच्या वस्तीवरची सून अश्विनी. डोक्यावरचा पदर सांभाळत ती दाराशीच उभी राहिली होती. काशीबाई नाचायला आल्याच नव्हत्या. बायका कशाला जमल्यात ते बघायला म्हणून आल्या आणि राहिल्या.

आम्हाला वाटलं हात कसे धरायचे, पाय कसे टाकायचे, असं काही शिकवतील. अक्कांनी जमिनीवर पोती अंथरली आणि म्हणाल्या, पडा.

कुणी पडेना. बाईला पडायची सवय नसते असं नाही. पडली की आधी पदर, मग साडी, मग कुणी बघितलं का, हे सगळं बघायचं असतं. लागलं का, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो. अक्का नेमकं हेच म्हणाल्या. आधी गुडघा सोडा, मग कंबर, मग खांदा, आणि कपड्याचं काय व्हायचं ते होऊ द्या. त्यांनी स्वतः पडून दाखवलं. भरलेलं पोतं एका बाजूनं हळूच कलावं, तशा त्या खाली गेल्या. आवाजसुद्धा झाला नाही.

काशीबाई म्हणाल्या, "आमी जलमभर पडतच आलाव, त्याला शिकवनी कशाला?"

"आतापर्यंत दुसऱ्यानं पाडलं, काशीबाई," अक्का म्हणाल्या. "आता आपल्या मनानं पडून बघा."

काशीबाईंनी थोडा विचार केला, तोंडातली तंबाखू बाहेर जाऊन थुंकून आल्या, आणि पडल्या. मग उताण्या पडूनच हसत राहिल्या. त्यांचं हसणं ऐकून अश्विनीनं दारातून आत पाऊल टाकलं.

अक्कांच्या काही गोष्टी आमच्या अंगवळणी पडायला वेळ लागला. त्या ठेका मोजायच्या कानडीत, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. रागवायच्यासुद्धा कानडीतच, त्यामुळं आम्हाला फार लागायचं नाही. ‘छान’ हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. त्यांचा शब्द एकच, "परत". खिशात भाजलेले शेंगदाणे असायचे. परत, परत म्हणता म्हणता त्यांचा हात खिशात गेला आणि दाणा तोंडात पडला की समजायचं, जमलं. आम्ही पायांकडं कमी आणि त्यांच्या खिशाकडं जास्त बघायचो.

गोदामात आरसा नव्हता. सुनीतानं पार्लरमधला एक जुना मोठा आरसा टेम्पोत घालून प्रेमानं आणून दिला, तर अक्कांनी तो भिंतीकडं तोंड करून ठेवला. सुनीताला वाईट वाटलं. अक्कांनी तिला पोत्यांवर शेजारी बसवलं आणि विचारलं की आरशात बघताना तू कुणाच्या डोळ्यांनी बघतेस. सुनीता म्हणाली, माझ्याच. मग त्यांनी विचारलं, आरशात बघून पोट आत कोण घेतं?  त्या दिवशी सुनीता पोट बाहेर सोडून दोन तास नाचली. घरी जाताना मला म्हणाली, पार्लरच्या धंद्यात असं बोललेलं परवडत न्हाय, पण बाई म्हणतात ते खरं हाय.

महिला दिनाला एका मोठ्या गावच्या संयोजकांनी अक्कांना बोलावलं. परदेशात नाचून आलेली बाई आपल्याच भागातली, म्हणून त्यांना अभिमान होता. नऊवारी नेसून, डोक्यावर घागरी घेऊन एक पारंपरिक नाच बसवा, एवढीच त्यांची मागणी होती. अक्का हो म्हणाल्या, याचं आम्हाला नवल वाटलं. त्यांनी संयोजकांना फक्त एवढंच सांगितलं की घागरी आमच्या आम्ही आणू.

त्या भरलेल्या घागरी होत्या.

सभागृहाच्या दारातून आम्ही चौघी आणि मागाहून आलेली एक, अशा पाचजणी निघालो. गाणं नाही, ताल नाही, मानेवर पाणी. खुर्च्यांच्या मधून स्टेजपर्यंत चालायचं आणि परत यायचं, असं तीन वेळा. पहिल्या फेरीला लोक टाळ्या वाजवायला तयार बसले होते. दुसऱ्या फेरीला टाळ्यांचे हात मांडीवर गेले. तिसऱ्या फेरीला काशीबाई, ठरल्याप्रमाणे, स्टेजवरच्या प्रमुख पाहुण्यांसमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "साहेब, जरा धरा. दम खाते." पाहुण्यांनी सभ्यपणे घागर घेतली. ती ठेवायची कुठं ते त्यांना कळेना. टेबलावर फुलं आणि सत्काराच्या शाली होत्या. काशीबाई खाली बसल्या, पदरानं तोंड पुसलं, आरामात श्वास घेतला. पाहुणे घागर पोटाशी धरून उभे. पाणी हिंदकळून त्यांचा सदरा भिजला. पण माणूस चांगला होता. भाषणाला उभे राहिले तेव्हा म्हणाले की मी ‘जलसंवर्धन आणि महिला’ असं लिहून आणलं होतं, ते आता वाचत नाही. आणि खाली बसले.

पुढच्या वर्षीही आमंत्रण आलं. त्यात ‘पाण्याशिवाय’ असं लिहिलं होतं.

पण अक्कांचं खरं काम म्हणजे ‘कूस’ हा नाच.

एका रविवारी अश्विनी उशिरा आली. तिची सासू सोनाबाई पाय घसरून पडल्यापासून सहा वर्षं अंथरुणाला होती. खुब्याचं हाड बसलं नाही, मग पायांतलं बळही गेलं. सासूचं आटपून यायला वेळ लागला, असं अश्विनी खाली मान घालून म्हणाली. काय काय आटपलं ते करून दाखव, असं अक्कांनी सांगितलं. अश्विनी लाजली. मग तिनं मला पोत्यांवर उताणं झोपवलं आणि सासूचं करते तसं करायला लागली. आधी लांबचा गुडघा वाकवला. एक हात खांद्यामागं, एक कमरेमागं. आपलं कपाळ जवळजवळ माझ्या छातीला टेकवलं आणि श्वास सोडता सोडता मला आपल्याकडं वळवलं. मग एका हातानं मला तोलून धरत दुसऱ्या हातानं पाठ चाचपली, कुठं लाल झालंय का, कुठं सोलवटलंय का. चादरीची सुरकुती ओढून काढली. मग परत. मला इतक्या हळुवारपणे कुणी हलवलं असेल तर ते लहानपणीच, आणि ते काही आठवत नाही.

मी डोळे उघडले तेव्हा अक्का थप्पीला टेकून बसल्या होत्या.  म्हणाल्या की आम्हा बापलेकींचं दीड वर्षात एक वाक्य झालं नाही, पण त्यांचा कुठला खांदा दुखतो, कुठल्या कुशीवर झोप लागते, हे मला कळत गेलं. "बाप मला कळला तो वजनावरून," एवढं बोलून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "अश्विनी, परत."

त्यातून पाच महिन्यांनी ‘कूस’ उभी राहिली. एव्हाना आणखी एकीची भर पडून आम्ही सहाजणी होतो. तिघी झोपलेल्या, तिघी त्यांची कूस बदलणाऱ्या. मग अदलाबदल. हळूहळू बघणाऱ्याला कळेनासं होतं की कोण कुणाला उचलतंय. संगीत नाही, फक्त श्वास आणि जोर लावताना काशीबाईंचा ‘हं’. शेवटी पाचजणी उठून बाजूला होतात. सगळ्यांची कूस बदलणारी अश्विनी दमून आडवी होते आणि तिच्याकडं कुणीच येत नाही. तिथं नाच संपायचा.

गोदामातच प्रयोग करायचा ठरला आणि बातमी वस्तीवर पोचली. पाटलांची सून बारदान्याच्या गोदामात चारचौघांत लोळणार, हे अश्विनीच्या सासऱ्यांना सहन होईना. तिच्या नवऱ्यानं मधला मार्ग काढला, तू शिक, पण प्रयोगात राहू नको. अश्विनी दोन रविवार आली नाही. मी अक्कांना म्हटलं, तिचं मी करते, माझ्या जागी दुसरी कुणी घ्या. अक्का म्हणाल्या की नाच तिचा आहे, मी फक्त बसवलाय. ती नसेल तर प्रयोग नाही. त्या वस्तीवर भांडायला गेल्या नाहीत, की निरोप धाडला नाही. मला तेव्हा त्यांचा थोडा राग आला होता. बाईसाठी एवढं बोलणाऱ्या बाईनं आता गप्प का बसावं? मी तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "तिच्या घरात मी बोलले तर ते माझं बोलणं होईल गं."

तिसऱ्या रविवारी अश्विनी आली. घरात काय झालं ते तिनंच सांगितलं. सासूला ती आत्या म्हणायची. सकाळी आत्यांची कूस बदलताना त्यांनी विचारलं, हल्ली गोदामात जात नाहीस का? अश्विनीनं खरं ते सांगितलं. सोनाबाईंनी नवऱ्याला आणि मुलाला खोलीत बोलावून घेतलं. सहा वर्षांत त्यांनी आपणहून कुणाला बोलावलं नव्हतं, कुणी आलं तर बोलत. त्या म्हणाल्या, "ती माजी कूस रोज चार येळा बदलती. सा वर्सं झाली. तुमी कुनी बगितलं का? मग गावाला तरी बगू द्या." आणि पुढं म्हणाल्या, "म्याबी येनार."

त्या आल्या. जीपमध्ये गादी टाकून मुलानं आणलं आणि बाजेसकट उचलून पहिल्या ओळीत ठेवलं. शंभर-सव्वाशे माणूस असेल, बरेचसे पोत्यांवर बसलेले. महादेवअण्णा आत आले नाहीत. दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला तोंडावर बोट ठेवून गप्प करत राहिले.

नाच सुरू झाला तेव्हा दोन-चार जण हसले. मग थांबले. त्या गोदामातल्या प्रत्येकाच्या घरात कुणीतरी कधीतरी अंथरुणाला खिळलेलं होतं, आणि प्रत्येक घरात कुणीतरी एकच बाई ते करत होती. ओळखायला कुणाला काही सांगावं लागलं नाही. मी नाचता नाचता डोळ्याच्या कडेनं बघत होते. शेवट आला. अश्विनी आडवी झाली. आम्ही पाचजणी पाठ फिरवून स्तब्ध उभ्या. आता टाळ्या, असं मनात मोजत होते, तेवढ्यात बाजेवरून सोनाबाईंचा आवाज आला.

"अगं, तिचीबी कूस बदला की कुनीतरी."

आम्ही हललो नाही. अक्कांची शिस्त तशी होती. मग काशीबाईंनी ती मोडली. त्या वळल्या, त्यांच्या मागोमाग आम्हीही; त्या अश्विनीपाशी बसल्या, तिचा लांबचा गुडघा वाकवला, खांद्यामागं हात घातला आणि तिला आपल्याकडं वळवलं. पाठीवरून हात फिरवला. अश्विनी रडत होती की हसत, ते मला दिसलं नाही, तिचं तोंड काशीबाईंच्या मांडीत होतं. मी घाबरून अक्कांकडं बघितलं. त्यांचा हात खिशाकडं गेला नव्हता. दोन्ही हात त्यांनी तोंडावर धरले होते.

त्या दिवसापासून नाचाचा शेवट बदलला. बघणाऱ्यांतून कुणीतरी म्हणेपर्यंत किंवा उठेपर्यंत अश्विनी पडून राहायची. अक्का म्हणायच्या की माझ्या शेवटात मी फक्त तक्रार केली होती. सोनाबाईंना पुढचं सुचलं.

मागच्या हिवाळ्यात धाराशिवच्या एका कॉलेजात प्रयोग झाला.  शेवटाला पोरी नुसत्या एकमेकींकडं बघत राहिल्या. मग मागच्या रांगेतून एक धोतर-टोपीतले गृहस्थ उठले. कॉलेजात कुणाला तरी भेटायला आले होते म्हणे. ते चपला काढून स्टेजवर चढले, अश्विनीजवळ उकिडवे बसले आणि काय करावं ते न समजून तिचा खांदा ढकलायला लागले. अश्विनीनं डोळे मिटूनच हळू आवाजात सांगितलं, "काका, आधी गुडघा." त्यांनी गुडघा वाकवला. मग जमलं. खाली उतरताना ते अक्कांना म्हणाले की आमच्या मंडळी आठ महिन्यांपासून झोपून आहेत, सगळं लेकीवर आहे, आज घरी गेल्यावर बघतो. अक्कांनी खिशातले शेंगदाणे काढून त्यांच्या ओंजळीत घातले.

अक्कांचा डावा गुडघा तेव्हा पार गेला होता. शेवटचं वर्षभर त्यांनी थप्पीवर बसूनच शिकवलं. पडून दाखवायची वेळ आली की काशीबाईंना पुढं करायच्या. मी एकदा विचारलं, नाचता येत नाही याचं वाईट वाटतं का? रोज सकाळी वाटतं, असं त्या म्हणाल्या. दहा वाजेपर्यंत. पुढं कामं असतात. त्या कॉलेजातल्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी धाराशिवहूनच त्या गुडघ्याच्या ऑपरेशनला रेल्वेनं पुण्याला निघाल्या. ऑपरेशन नीट झालं. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी त्या अजून आहेत, फोनवर आमच्या तालमीची चौकशी करतात. रविवार अश्विनी चालवते. तिला कानडी येत नाही, ती मराठीत मोजते.

त्या निघाल्या, त्यानंतर मी त्यांना बघितलं नाही. मी त्यांना गाडीत बसवायला गेले होते, स्टेशनवरची ती दुपार तेवढी शेवटची. गाडी पलीकडच्या फलाटावर येणार होती. हमालाची ढकलखुर्ची त्यांना नको होती आणि माझा आधारही. मी पिशव्या घेऊन पुढं गेले आणि जिन्याच्या खाली उभी राहून वर बघितलं. अक्का अंग तिरकं करून, कठड्याला हात न लावता, एकेक पायरी उतरत होत्या. डावा पाय खाली, मग उजवा त्याच्याशेजारी. थांबणं. मग पुन्हा डावा. जिना अरुंद होता, त्यामुळं मागची सगळी माणसं अडली होती. शाळेतल्या पोरी, बोचकी घेतलेल्या बायका, दोन पोलीस, एक लग्नाचं वऱ्हाड. कुणी घाई केली नाही. त्या एक पायरी उतरल्या की मागची सगळी गर्दी एक पायरी उतरायची, त्या थांबल्या की सगळी थांबायची. डावा पाय, उजवा पाय, थांबणं. मागं काय चाललंय याचा अक्कांना पत्ता नव्हता. त्या पायरीकडं बघत होत्या, ठेका मोजताना हलायचे तसे ओठ हलत होते, आणि त्यांच्यामागं तो सबंध जिना त्यांच्या चालीनं खाली येत होता.